कोळंबी आणि डाळिंब, एकाच गटात : मंगळवेढा, उन्हाळी हंगामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी
जमीन दोन प्रकारची आहे. वरचा पाच एकर मुरमाड माळ भगवा डाळिंबाला आहे, त्याच्या कडेने दीड एकर सीताफळ आणि एक एकर ड्रॅगन फ्रूट. खालच्या अंगाला कालव्याच्या पाझरामुळे चिबड झालेली क्षारपड काळी. तिथे एकेकाळी मालदांडी ज्वारी व्हायची, आता उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो. या खालच्या तुकड्यात दोन तळी खोदून झाली आहेत. तळं १ कोळंबीसाठी. तळं २ राखीव पाण्यासाठी, म्हणजे काढणीनंतर जुनं पाणी साठवायला.

खालच्या दोन बोअरच्या पाण्याचा अहवाल आला. ईसी, म्हणजे क्षारामुळे येणारी विद्युतवाहकता, ६.५; साधारण ३.९ पीपीटी, म्हणजे हजार भाग पाण्यात ३.९ भाग क्षार. लिटरमागे सोडियम १,०६० मिलिग्रॅम, कॅल्शियम १८०, मॅग्नेशियम ११०, पोटॅशियम फक्त ९. क्षारीयता, म्हणजे अल्कलिनिटी, ३२०. सोडियम शोषणाचं प्रमाण, म्हणजे एसएआर, १५ च्या वर जातं. हे पाणी डाळिंबाला दिलं तर दोन हंगामांत पानांच्या कडा जळतील आणि माती दगडासारखी होईल. व्हॅनामी कोळंबीला मात्र क्षार चालतात. तिची अडचण क्षार किती याची नाही, क्षार कोणते याची आहे. समुद्रात सोडियम आणि पोटॅशियम २८ ला १ असतं, इथे ते ११८ ला १ आहे. पोटॅशियम न वाढवता बीज, म्हणजे कोळंबीची पिलं, सोडलं तर पहिल्या आठवड्यात काही दिसत नाही, पंधरवड्यात तळ्यात मोजायला काही उरत नाही.

म्हणून सगळ्या कामाचा पाया एकच : वरचं पाणी खाली आलं तरी चालेल, पण खालचं पाणी वर जाता कामा नये. आणि वरची औषधं खाली येता कामा नयेत. पाइपलाइन, ड्रम, बादल्या, खताची खोली, सगळं वेगळं. खालच्या पाइपांना लाल पट्टा मारला.

५ फेब्रुवारी
तळ्याला ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक अस्तर टाकून झालं. अस्तर न टाकता चालवायचा विचार खर्चामुळे झाला होता, तो सोडला. काळ्या मातीची चिकण पोटॅशियम धरून ठेवते. टाकलेलं पोटॅश पाण्यात राहण्याऐवजी तळाच्या मातीत जातं आणि दर आठवड्याला पुन्हा विकत आणावं लागतं. शिवाय एप्रिलमध्ये बांधाला हातभर भेगा पडतात.

अस्तराचा जोड दुपारी बारा ते तीनमध्ये लावू नये. तापलेलं प्लास्टिक फुगलेलं असतं, रात्री आकसतं आणि जोड ताणला जातो. कडेची चर दीड फूट खोल घेऊन त्यात पदर पुरला.

भरायला सुरुवात केली. दोन्ही बोअर मिळून तासाला २० घनमीटर, शेतीपंपाची थ्री फेज लाईन आठ तास, म्हणजे दिवसाला १६० घनमीटर. पाण्याचा पृष्ठभाग २२ गुंठे, खोली १.४ मीटर, बाजूंचा उतार वजा जाता २,८०० घनमीटर. अठरा दिवस लागणार. हा हिशेब बीजाची तारीख ठरवण्याआधी करायचा असतो, नंतर नाही.

२३ फेब्रुवारी
तळं भरलं. ब्लीचिंग पावडर दशलक्षात ६० भाग या मापाने १६८ किलो. पोती थेट पाण्यात ओतली नाहीत. ड्रममध्ये कालवून, गाळ बसू देऊन वरचं पाणी सूर्य मावळल्यावर पसरलं, कारण उन्हात क्लोरीन काम करण्याआधीच उडून जातो. उद्यापासून एरिएटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं, चालू. ऑर्थोटोलिडिनचा थेंब टाकल्यावर पाणी जोवर पिवळं होतं तोवर क्लोरीन उरलेला आहे, पुढचं काही करायचं नाही.

बांधावरून फूटभर अंतराने नायलॉन दोरे ताणले, पाणकावळा आणि बगळ्यांसाठी. उजनीच्या फुगवट्यावर पाखरं फार, तिथलं एक पाखरू दुसऱ्या तळ्यातली मेलेली कोळंबी चोचीत घेऊन इथे टाकतं आणि रोग येतो. खेकड्यांसाठी बांधाभोवती दोन फूट उंच गुळगुळीत पत्रा. ओढ्यातले खेकडेही पांढऱ्या ठिपक्याचा विषाणू वाहतात, फक्त समुद्रातलेच वाहतात हा गैरसमज आहे.

२८ फेब्रुवारी
क्लोरीन गेला. पोटॅश टाकायला घेतलं. हिशेब असा : ३.९ पीपीटीला पोटॅशियम लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास हवं, आहे ९, कमी ३१. गुणिले २,८०० घनमीटर म्हणजे ८७ किलो शुद्ध पोटॅशियम. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ते निम्मं असतं, म्हणून १७४ किलो, साडेतीन पोती. पांढरं घ्यायचं. लाल पोटॅशमधला लोहाचा गाळ पाण्यावर तवंग धरतो. तीन दिवसांत, रोज साठ किलोच्या आत, विरघळवून एरिएटरच्या तोंडाशी. आता सोडियम-पोटॅशियम २६ ला १ होईल.

मॅग्नेशियमही कमी आहे, पण त्याचं गणित महाग पडतं. मॅग्नेशियम क्लोराईडमध्ये मॅग्नेशियम जेमतेम १२ टक्के. २५० किलो टाकलं तर पाण्यात ११ मिलिग्रॅम वाढतं. तेवढंच टाकलं. आधी पोटॅशियम, मॅग्नेशियम नंतर. ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याने हा क्रम उलटा करू नये.

खताच्या खोलीतली एक गोष्ट : डाळिंबाला फळ फुगवणीत पोटॅश देतो ते सल्फेटचं, तळ्याला क्लोराईडचं. पोती शेजारी ठेवली तर कुणीतरी एक दिवस क्लोराईडचं पोतं ठिबकच्या टाकीत रिकामं करणारच. तळ्याची पोती तळ्याकाठच्या शेडमध्ये हलवली.

५ मार्च
बीज आलं. आंध्र किनाऱ्यावरच्या मान्यताप्राप्त हॅचरीतलं, वय १२ दिवसांच्या पुढचं. त्याहून लहान घेतलं तर कल्ले पुरते तयार नसतात आणि कमी क्षारात मरतात. पांढरा ठिपका आणि ईएचपी (कोळंबीची वाढ खुंटवणारा सूक्ष्म परजीवी) दोन्हींची पीसीआर चाचणी निरंक. हॅचरीला आधीच सांगून पाणी ५ पीपीटीपर्यंत उतरवून घेतलं होतं. जे हॅचरीत दोन दिवसांत सावकाश होतं ते बांधावर दोन तासांत उरकायला जाऊ नये.

८० हजार, पाच-पाच हजारांच्या सोळा पिशव्या. पिशवीतलं पाणी २२ अंश, तळ्यातलं २७. पिशव्या पाऊण तास तरंगत ठेवल्या, मग हजार लिटरच्या टाक्यांत काढून चार तास तळ्याचं पाणी थेंब-थेंब सोडलं. सकाळी साडेसातला सोडून मोकळे. शंभर पिलं वेगळ्या जाळीच्या पिशवीत तळ्यातच टांगली. तिसऱ्या दिवशी त्यातली किती जिवंत आहेत त्यावरून खाद्याचा आकडा धरायचा.

क्षार मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वापरू नये. तो समुद्राच्या पाण्यासाठी आखलेला, चार पीपीटीला एक इकडे-तिकडे सहज दाखवतो. ईसी मीटर घ्यावा, तो वरच्या ठिबकलाही लागतोच. फक्त कांडी धुऊन मग वर न्यावी.

८ मार्च
जाळीतली ९३ जिवंत. खाद्य पहिल्या दिवशी १.६ किलोपासून, रोज ३०० ग्रॅमने वाढवत. चार वेळा.

१२ मार्च
डाळिंब विश्रांतीत आहे. एक टक्का बोर्डो मारला. मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. दोन्ही वेगवेगळं भिजवून मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात, उलट नाही. घासलेला लोखंडी खिळा बुडवून पाहिला. तांबूस थर धरला तर चुना कमी आहे. एकरी ३०० लिटर लागलं. तेल्या या जिवाणूजन्य रोगाचे जुने डाग असलेल्या फांद्या आधीच छाटून बांधाबाहेर जाळल्या. पावसाळ्यात त्याच पहिल्यांदा उघडतात.

मोरचूद म्हणजे तांबं, आणि तांबं कोळंबीचं वैरी. इथल्या पाण्याची क्षारीयता जास्त असल्याने त्याचा जोर कमी होतो, तरी पंप आणि ड्रम धुतलेलं पाणी उताराने खाली येतं. धुण्याची जागा आता माळाच्या वरच्या टोकाला, तिथे शोषखड्डा.

२ एप्रिल
विजेचा प्रश्न. चार एरिएटर, एक-एक अश्वशक्तीचे, सिंगल फेजवर गावठाण लाईनला जोडलेले आहेत. शेतीपंपाच्या लाईनवर तळं चालवणं म्हणजे सोळा तास नशिबावर सोडणं. तरीही काल पहाटे दीड तास वीज नव्हती. १० केव्हीए जनरेटर आहे, पण तो चालू करायला माणूस उठावा लागतो. वीज गेली की वाजणारा भोंगा बसवला, बॅटरीवर चालणारा. जनरेटरची बॅटरी दर रविवारी तपासायची. ऐन वेळी दगा देते ती नेहमी हीच, इंजिन नाही.

विरघळलेला प्राणवायू पहाटे पाचला मोजायचा. दुपारचा आकडा सगळ्यांचाच चांगला येतो. लिटरमागे ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला तर त्या सकाळचं खाद्य निम्मं.

१६ एप्रिल
सरासरी वजन ४.१ ग्रॅम. फेकजाळ्यात आलेल्या काही कोळंब्या पाठीतून वाकल्या होत्या, शेपटीजवळचं मांस पांढरट. हवेत धरल्यावर आकडा होतो आणि सुटत नाही. हे पोटॅशियम-मॅग्नेशियम कमी पडल्याचं लक्षण. पोटॅश चुकलं कुठे ते शोधलं. उन्हाने रोज सेंटीमीटरभर पाणी उडतं, म्हणजे २२ घनमीटर, ते बोअरच्या पाण्याने भरून काढतो. त्या भरीच्या पाण्यात पुन्हा ९ मिलिग्रॅमच पोटॅशियम. म्हणजे दर आठवड्याला साडेनऊ किलो पोटॅश पडायला हवं होतं, तीन आठवड्यांत पडलंच नाही. तीस किलो दोन रात्रींत विरघळवून दिलं, सोबत १०० किलो मॅग्नेशियम क्लोराईड. आता भरीच्या पाण्याचे तास आणि पोटॅशचे किलो एकाच वहीत, एकाच ओळीत.

२० एप्रिल
मृग बहारासाठी, म्हणजे पावसाच्या तोंडावर फुलं एकदम यावीत म्हणून, डाळिंबाचं पाणी तोडलं. माळ हलका आहे, महिनाभराचा ताण पुरतो. कालव्याच्या उन्हाळी आवर्तनातलं पाणी वरच्या शेततळ्यात साठवलं आहे, ते सीताफळ आणि ड्रॅगन फ्रूटला चालू. ड्रॅगन फ्रूटच्या पश्चिमेकडच्या फांद्या पिवळ्या पडून भाजताहेत. पांढरी जाळी टाकली, सिमेंटच्या खांबावरून दोन फूट वर.

८ मे
पाण्याचं तापमान दुपारी ३३.५. दुपारची खेप बंद, खाद्य सकाळी सहा, दहा, संध्याकाळी सहा, रात्री दहा. गरम पाण्यात कोळंबी अधाशासारखी खाते पण पचवत नाही. चेक ट्रे (खाद्य किती उरलं ते पाहायची बुडवलेली थाळी) स्वच्छ दिसतो म्हणून खाद्य वाढवलं की आठ दिवसांत तळाशी काळा वास येतो. तळाच्या मधोमधची विष्ठा काढायची गटार दोन दिवसांआड पंधरा मिनिटं उघडायची, पाणी तळं २ मध्ये.

अमोनिया कमी करायला मळी, म्हणजे मोलॅसिस. जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ, ती सहज मिळते. पंधरा किलो मळी दोनशे लिटर पाण्यात, प्रोबायोटिकसह रात्रभर हवा देऊन, सकाळी नऊला. संध्याकाळी टाकली तर रात्रीचा प्राणवायू तीच खाते.

२४ मे
संध्याकाळी साडेपाचला वळीव, ६० मिलिमीटर. एकाच पावसाने दोन्हीकडे काम काढलं.

तळ्यात : गोड्या पाण्याचा थर वर, खारट पाणी खाली, मध्ये हवा जात नाही. पावसात एरिएटर बंद करायची सवय लोकांना असते, नेमकी तेव्हाच ती चारही चालू हवीत. वरचं दोन इंच पाणी सांडव्यातून काढलं. वीस किलो पोटॅश, पन्नास किलो मीठ. रात्रीची खेप रद्द, सकाळी निम्मी. ईसी ९.८ वरून ९.३ वर आला. उन्हाने वाढलेला क्षार थोडा उतरला एवढा फायदा.

डाळिंबात : ताण मोडला. चार दिवसांत पालवी फुटेल आणि बहार पुढे-मागे होऊन काढणी तीन तुकड्यांत जाईल. थांबण्यात अर्थ नाही. २८ ला ठरलेली पानगळ, म्हणजे औषधाने पानं गाळणं, २६ ला घ्यायची.

२६ मे
इथेफॉन लिटरला २ मिली आणि डीएपी ५ ग्रॅम, पहाटे. वाऱ्याचा अंदाज घेऊन तळ्याकडच्या सहा ओळी हातपंपाने, बाकी ब्लोअरने. पानगळ ८० टक्क्यांच्या वर गेली की लगेच बोर्डो, मग शेंड्यांची हलकी छाटणी. खत केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या मापाने, पाच वर्षांच्या पुढच्या झाडाला ६२५ ग्रॅम नत्र, २५० स्फुरद, २५० पालाश, नत्राचे तीन भाग करून. शेणखत झाडाला वीस-पंचवीस किलो.

११ जून
सकाळी तळ्याच्या पश्चिम कडेला ६०-७० मेलेल्या कोळंब्या. पहाटेचा प्राणवायू ५.१, म्हणजे गुदमरून नाही. गुदमरलेली कोळंबी चारी कडांना, पृष्ठभागावर, तोंड वर करून येते. या एकाच कडेला होत्या आणि जिवंत असलेल्या त्याच कडेच्या काही आडव्या पडून झटके देत होत्या. झटके म्हणजे औषध.

उलगडा असा : काल सकाळी सीताफळावर पिठ्या ढेकणासाठी कंत्राटी फवारणीवाल्याने लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन मारलं, सातनंतर, वारा पश्चिमेचा असताना. ठरलेलं औषध ते नव्हतं, त्याच्या पंपात आधीचंच उरलेलं होतं. कोळंबीला हे अब्जात एक भागालाही मारतं. २,८०० घनमीटरमध्ये अब्जात एक भाग म्हणजे २.८ ग्रॅम मूळ औषध, ५ टक्क्यांच्या बाटलीतले ५६ मिली. चहाच्या कपात मावतील एवढे. सगळं तळं गेलं नाही याचं कारण तुषारच आला, धार नाही.

केलेली कामं : वरचा थर सांडव्याने काढून तळं २ मधलं निवळलेलं पाणी दोनशे घनमीटर घेतलं. खाद्य एक दिवस बंद. तळ्याच्या पश्चिमेला बारा फुटांची हिरवी जाळी, तिच्यामागे शेवरीची दाट ओळ पेरली. फवारणी आता सूर्योदयाआधीच, अगरबत्तीचा धूर सरळ वर जात असेल तरच. पायरेथ्रॉइड आणि क्लोरपायरिफॉस पूर्ण गटातून बाद, पिठ्या ढेकणाला निंबोळी तेल आणि पोटॅशियम साबण. बाहेरच्या माणसाचा पंप इथे आत येणार नाही, इथलाच वापरायचा.

याच तपासात आणखी एक सापडलं. फवारणीचा ड्रम भरायची नळी तळ्याच्या भरीच्या लाईनला टी जोड लावून काढलेली आणि मध्ये एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप, नाही. मोटार बंद झाली की ड्रममधलं पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं. टी काढून टाकली.

१२ जून
ड्रॅगन फ्रूटला कळ्यांची पहिली लाट. डाळिंबाला कळी निघतेय, वीस टक्के पुढे-मागे.

१८ जून
सरासरी १८.६ ग्रॅम. काढणीची तारीख तीन गोष्टींवर ठरते. अमावास्या २५ ला आहे, तिच्या आसपास कोळंबी कात टाकते आणि मऊ कवचाचा माल व्यापारी वेगळा काढून निम्म्या भावाने धरतो. दुसरं, आषाढी. पालख्या जवळ आल्या की पंढरपूरकडचे रस्ते वळवतात, पुण्याची गाडी अडकते आणि बर्फ मिळत नाही. तिसरं, पाऊस. म्हणून २२.

२२ जून
पहाटे तीनला सुरुवात. आदल्या दिवशी दुपारपासून खाद्य बंद, आतडं रिकामं असलं तर माल टिकतो. पाणी अर्धं तळं २ मध्ये उपसलं, मग ओढजाळ. पकडलेली कोळंबी लगेच बर्फाच्या पाण्यात, नंतर खोक्यात बर्फ आणि माल सारख्या वजनाने, थरावर थर. सव्वासातला गाडी निघाली.

१,०८५ किलो, ५२ काउंट (किलोत ५२ नग), १०९ दिवस. जगण्याचं प्रमाण ७० टक्के. खाद्य १,५३० किलो, म्हणजे कोळंबीच्या किलोला १.४१ किलो. मऊ कवच तीन टक्क्यांच्या आत. खर्चात निम्म्याहून जास्त खाद्य, त्याखाली वीज आणि डिझेल. पोटॅश-मॅग्नेशियमची ओरड होते तेवढा त्यांचा वाटा नाही.

२४ जून
उरलेलं पाणीही तळं २ मध्ये उपसलं, ओढ्यात एक थेंब नाही. ओढा भीमेला जातो, आणि ९ ईसीचं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत मुरवण्याचा हक्क कुणाला नाही. शिवाय टाकलेलं पोटॅश याच पाण्यात आहे. तीन आठवडे निवळून, पावसाने थोडं विरून, ब्लीचिंग करून पुढच्या पिकाला हेच वापरायचं.

तळाचा गाळ चाळीस पाट्या. त्यात क्षार आहे, डाळिंबाच्या आळ्यात टाकायचा नाही. क्षारपड तुकड्याच्या कोपऱ्यात ढीग घालून पावसाने धुऊ द्यायचा. मग तळ्यापासून दहा फूट लांब लावायच्या नारळांना. बांधावर नारळ नको, मुळं अस्तर फोडतात.

२ जुलै
डाळिंबाची सेटिंग धरली, झाडाला सरासरी ९० फळं, ७० ठेवून बाकी विरळणीत काढायची. दमट हवा आहे, तेल्यासाठी रोज फेरी. तळं २ चा ईसी ८.७. दुसऱ्या पिकाचं बीज २५ जुलैच्या आत पडलं तर ठीक, नाहीतर काढणी नोव्हेंबरच्या थंडीत जाईल आणि पाणी २४ अंशाखाली गेलं की कोळंबीचं खाणं कमी होतं. हॅचरीला १८ जुलैची तारीख कळवली. त्याआधी अस्तराचा पश्चिमेकडचा एक जोड ठिगळ लावून घ्यायचा आहे.